अब्रूची किंमत कोण देतें ?

“हा रोग आमच्यांतला नव्हे,” हें वाक्य आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत गेलीं चाळीस वर्षें मोठ्या निर्धास्तपणानें उच्चारलें जात आहे. एच्. आय्. व्ही. हा विषाणु भारतांत प्रथम आढळला तो १९८६ सालीं, आज ज्यास चेन्नई म्हणतात त्या मद्रास शहरांत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या त्या शोधांत ज्यांचें रक्त तपासलें गेलें त्या शरीरविक्रयावर पोट भरणाऱ्या स्त्रिया होत्या. आणि तपासणी त्यांचीच झाल्यामुळें रोगहि त्यांच्याचकडे सांपडला. यावरून आम्हीं अनुमान काढलें तें असें कीं, रोग त्यांचा आहे, आमचा नाहीं. ज्या खोलींत दिवा नेला त्या खोलींत वस्तु दिसली, म्हणून बाकीच्या अंधाऱ्या खोल्या रिकाम्याच असल्या पाहिजेत, हें अनुमान कोणत्या न्यायशास्त्रांत बसतें ? परंतु अब्रूचा प्रश्न आला म्हणजे न्यायशास्त्राची चाड कोणास असते !

शहरांतील स्त्रीच्या शरीरांत हा रोग कसा वाढत जातो, हा प्रश्न सामान्यतः वैद्यांचा मानला जातो, आणि तो त्यांच्यावर सोंपवून आपण स्वस्थ बसतों. माझें म्हणणें असें आहे कीं, तो आतां मुख्यतः वैद्यांचा प्रश्न राहिलेला नाहीं. औषध नव्हतें तेव्हां रोगाची गति विषाणु ठरवीत असे. औषध आलें, फुकट मिळूं लागलें, आणि तेव्हांपासून ती गति घर ठरवूं लागलें आहे. कोणत्या वर्षीं तपासणी व्हावी, कोणी आधीं औषध घ्यावें, गोळी उघड ठेवावी कीं डाळीच्या डब्यांत लपवावी, हे निर्णय घर घेतें. आणि तें हे निर्णय रोग्याच्या प्रकृतीकडे पाहून घेत नाहीं, घराण्याच्या अब्रूकडे पाहून घेतें. त्या अब्रूची किंमत मात्र घरांतील एकच व्यक्ति देते.

अंधाऱ्या खोल्यांत पहिला दिवा महाराष्ट्रांतच नेला गेला, ही गोष्ट आपणांस ठाऊक असावयास हवी होती. १९९२ सालीं पुण्याजवळ भोसरी येथें राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ ते १९९६ या काळांत पुण्यांतील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली व ती १९९७ सालीं अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ५२५ स्त्रिया शरीरविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यांतील निम्म्या स्त्रियांना विषाणूची बाधा झालेली होती. यांत कोणास नवल वाटलें नाहीं. परंतु उरलेल्या ३९१ स्त्रियांचा त्या व्यवसायाशीं कांहीं संबंध नव्हता. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या, आणि आपल्या पतीखेरीज दुसरा पुरुष त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्यापैकीं १३.६ टक्के बाधित निघाल्या. या स्त्रिया कांहीं तक्रार घेऊन चिकित्सालयांत आलेल्या होत्या, तेव्हां हें प्रमाण सगळ्या गृहिणींना लागू करतां येणार नाहीं, हें उघड आहे. पण त्या पाहणीनें एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : पातिव्रत्य हें या रोगावरचें कवच नव्हे. पत्नीनें व्रत पाळलें तरी विषाणु तिच्याकडे येतो तो पतीच्या वाटेनें, आणि त्या वाटेवर तिच्या व्रताची सत्ता चालत नाहीं. त्यांतून स्त्रीची शरीररचना अशी आहे कीं, शरीरसंबंधांतून ही बाधा पुरुषाकडून स्त्रीकडे अधिक सुलभपणें जाते. २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणें देशांतील सुमारें २४ लाख बाधितांपैकीं ४५ टक्के स्त्रिया होत्या, आणि बाधितांची सर्वांत मोठी संख्या आपल्याच महाराष्ट्रांत, म्हणजे जवळजवळ ३ लाख ९४ हजार, होती. ‘आमच्यांतला नव्हे’ म्हणणाऱ्यांनीं हे पावणेअकरा लाख स्त्रियांचे संसार कोणाच्यांतले, हें एकदां सांगावें.

मी ज्या टिटवाळ्यांत राहतों तें गांव कल्याण सोडल्यावर कसाऱ्याच्या वाटेवरचें तिसरें स्टेशन. अंगारकीला येथील महागणपतीच्या दर्शनाला जी रीघ लागते ती सर्वांच्या परिचयाची आहे. आख्यायिका अशी कीं, कण्वमुनींचा आश्रम येथेंच होता. दुष्यंतानें ओळख नाकारल्यावर शकुंतलेनें या गणपतीची आराधना केली आणि तिचा पति तिला परत मिळाला. म्हणून लग्न जुळावें, विस्कटलेला संसार सांधला जावा, यासाठीं लोक येथें नवस बोलतात. या श्रद्धेविषयीं मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. साहित्याचा अध्यापक या नात्यानें त्या कथेंतील एक गोष्ट मात्र निदर्शनास आणावीशी वाटते. स्मृति गेली ती राजाची. पण भर सभेंत पुरावा मागितला गेला तो शकुंतलेकडे. आमच्या घरांत आजहि नेमकें तेंच होतें. बाधा घरांत आणली कोणीं हें बहुतेक वेळां घरांतल्या सर्वांना मनांतून ठाऊक असतें, “हें तूं कोठून आणलेंस?” हा प्रश्न विचारला जातो तो सुनेला.

याचें कारण वैद्यकीय व्यवस्थेंतच दडलेलें आहे. शहरांतील तरुण स्त्रीची तपासणी पुष्कळदां होते ती गरोदरपणीं. ही व्यवस्था योग्यच आहे, कारण उपचार न केल्यास आईकडून मुलास बाधा होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के असतो आणि वेळेवर उपचार केल्यास तो ५ टक्क्यांच्या खालीं येतो. पण तिचा एक परिणाम असा कीं, घरांत पहिला अहवाल सुनेचा येतो. आणि ज्याचा अहवाल पहिला, त्याचा दोष पहिला, असें आमचें घरगुती न्यायशास्त्र आहे! नवऱ्याचें रक्त तपासावयास हवें असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, त्यास कचेरींतून रजा मिळत नाहीं. तिचें मूल निरोगी जन्मावें म्हणून सर्वांची धडपड असते. मूल जन्मल्यावर तिची प्रकृति कशी आहे हें विचारावयास कोणी नसतें. आणि जी स्त्री पन्नाशीची आहे, जिचीं बाळंतपणें कधींच उरकलीं, किंवा जी विधवा आहे, तिच्याकडे तर तपासणीची ही एकमेव वाटहि येत नाहीं.

आतां या रोगाची स्वाभाविक चाल पाहूं. हा विषाणु रक्तांतील सी. डी. ४ नांवाच्या पेशींवर हल्ला करतो. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तांत या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खालीं गेल्या म्हणजे त्या अवस्थेस एड्स म्हणतात. औषधावांचून तेथवर पोंचण्यास बहुधा आठ-दहा वर्षें लागतात. या मधल्या काळांत माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, स्त्री घरचें सारें काम उपसत असते. परंतु शरीर अगदींच मुकें नसतें. अंगावरून पांढरें जाणें, बुरशीजन्य खाज पुन्हां पुन्हां उलटणें, ओटीपोटांत सूज येऊन दुखणें, नागीण उठणें, वजन उतरणें, खोकला न हटणें : या खुणा ती देत असते. यांतील प्रत्येक तक्रारीस दुसरींहि शंभर कारणें असतात, हें खरें. म्हणूनच रक्त तपासून पाहावयाचें असतें. पण पांढरें जाणें हें आमच्या बायका आजार मानीतच नाहींत; सासू म्हणते “सगळ्यांनाच होतें,” आणि वजन उतरलें तर कामाची दगदग झाली असें ठरतें. ओळखीचे डॉक्टर ताकदीच्या गोळ्या लिहून देतात. एखाद्या ट्रक-चालकास जी तपासणी ते विनासंकोच सांगतील, ती कुंकू लावलेल्या गृहिणीस सांगण्यास त्यांची जीभ रेटत नाहीं. तसें सांगणें म्हणजे कुटुंबाचा अपमान, अशी त्यांची समजूत असते. शेवटीं क्षय होतो, आणि क्षयाच्या निमित्तानें केलेल्या तपासणींत खरें कारण बाहेर येतें. तोंपर्यंत विषाणूनें आपलें काम पुष्कळसें उरकलेलें असतें.

स्त्रीचा रोग पुरुषाच्या मापानें मोजण्याची ही खोड आमचीच आहे असें नाहीं. अमेरिकेंत १९८१ सालीं हा रोग प्रथम ओळखला गेला. बाधित पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास तेथें १९८४ पासून सुरू झाला. न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन वगैरे शहरांतील स्त्रियांचा तसा अभ्यास १९९३ सालीं स्थापन झाला. मधलीं नऊ वर्षें स्त्रिया आजारी पडत नव्हत्या काय ? पडत होत्या व मरतहि होत्या. पण त्यांचे आजार एड्सच्या व्याख्येंत बसत नव्हते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग त्या व्याख्येंत आला तो १९९३ मध्यें, आणि तोहि स्त्रियांनीं रस्त्यावर उतरून भांडल्यानंतर. पुढें २००१ सालीं बाल्टिमोर येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, बाधा झाल्यानंतर सुरुवातीस पुरुषांच्या रक्तांत विषाणूचें मध्यक प्रमाण सुमारें ५० हजार होतें, तर स्त्रियांच्या रक्तांत सुमारें १५ हजारच. तरी एड्सकडे दोघांचीहि वाटचाल सारख्याच वेगानें झाली. म्हणजे तिच्या रक्तांतला लहान आंकडाहि त्याच्या मोठ्या आंकड्याइतकाच घातक. पण औषध केव्हां द्यावें याचा त्या वेळचा नियम आंकड्यावर बसविलेला होता. त्या नियमानें या अभ्यासांतील पुरुषांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश औषधास पात्र ठरले असते, आणि स्त्रियांपैकीं एकतृतीयांशाहून थोड्याच अधिक. पुस्तकांतला नियम तटस्थ दिसतो. पण त्याचें माप कोणाच्या अंगावर घेतलें होतें, हें विचारल्यावांचून त्याच्या तटस्थपणावर विश्वास ठेवूं नये.

तो अन्याय वैद्यकानें आतां बराचसा दूर केला आहे. भारतांत १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून हीं औषधें फुकट मिळूं लागलीं. २०१७ पासून पेशींचा आंकडा कितीहि असो, बाधा आढळतांच औषध सुरू करावयाचें असें धोरण ठरलें. आज बहुतेक प्रौढ रोग्यांना दिवसाकांठीं एकच गोळी पुरते. २०११ सालीं नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर केलेल्या ज्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि ज्यांत पुण्याचीहि जोडपीं होतीं, त्यानें दाखवून दिलें कीं, बाधित व्यक्तीस लवकर औषध दिल्यास तिच्याकडून जोडीदारास बाधा होण्याचा धोका ९६ टक्क्यांनीं घटतो. पुढील अभ्यासांनीं त्याहून पुढची गोष्ट निश्चित केली : नियमित औषधानें विषाणूचें प्रमाण मोजतां येण्याच्याहि खालीं गेलें व तसेंच राहिलें, म्हणजे शरीरसंबंधांतून तो दुसऱ्यास जात नाहीं. रोगी दीर्घायुषी होतो, संसार करूं शकतो, निरोगी मुलांस जन्म देऊं शकतो. मग अडतें कोठें ?

अडतें घरांत. २००४ पूर्वीं रीत अशी होती कीं, नवरा आधीं आजारी पडे, त्याच्यासाठीं तिचे दागिने विकले जात, तो गेल्यावर तिची पाळी येई तेव्हां विकावयास कांहीं उरलेलें नसे. आतां औषधास पैसे पडत नाहींत, परंतु औषध आणावयास जावें लागतें. घराजवळच्या केंद्रावर कोणी ओळखीचें भेटेल या भीतीनें बाई तें टाळते आणि गाडीनें लांबचें केंद्र गांठते. घरीं सांगावयाचें काय ? कामावरची रोजी बुडते ती कोणत्या कारणानें ? मुंबईच्या भाड्यास कंटाळून डोंबिवली, तेथून कल्याण, तेथून टिटवाळा असें सरकत आलेल्या कुटुंबांत दोन खोल्यांत पांच माणसें राहतात. तेथें गोळ्यांची बाटली लपवावी कोठें? लेबल खरवडून काढलेली बाटली, पाहुणे आले म्हणून चुकलेली गोळी, सणाला माहेरीं गेली म्हणून खंडलेला महिना : ही या रोगाची शहरी चाल आहे. औषध असें खंडत गेलें कीं, विषाणु त्यास दाद देईनासा होतो. मग वैद्यकीय कागदावर नोंद होते, ‘औषधास प्रतिसाद नाहीं’. वास्तविक प्रतिसाद घराचा नव्हता.

आणखी एका गोष्टीची उपेक्षा मला विशेष खुपते. बाधित स्त्रीस गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या मानानें सुमारें सहापट असतो. हा कर्करोग हळू वाढणारा, आधीं ओळखतां येणारा आणि ओळखल्यास टाळतां येणारा आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना बाधित स्त्रियांची ही तपासणी वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून ठराविक अंतरानें व्हावी असें सांगते. आमच्या किती घरांत हें ठाऊक आहे ? एड्सपासून गोळीनें वाचलेली स्त्री कर्करोगानें मरावी, यासारखा दुसरा नामुष्कीचा मृत्यु नाहीं.

यावर सभ्य गृहस्थांचे तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा कीं, अशा विषयांची चर्चा सभ्य घरांत शोभत नाहीं. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते तेव्हां त्यांनाहि हेंच ऐकविलें गेलें, अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि १९३४ सालीं डॉ. आंबेडकरांनीं कोर्टांत त्यांची बाजू मांडली. चर्चा न केल्यानें गुप्तरोग तेव्हांहि थांबले नाहींत. त्यांना फक्त ‘गुप्त’ हें विशेषण चिकटून राहिलें.

दुसरा आक्षेप : आतां नव्या बाधितांची संख्या घटली आहे, मग हा कोलाहल कशासाठीं ? संख्या घटली हें सत्य आहे व त्याचें श्रेय ज्यांनीं काम केलें त्यांना आहे. परंतु ज्यांना बाधा झालीच आहे त्यांचा रोग आंकडा घटल्यानें बरा होत नाहीं. उलट, रोग विरळ झाला म्हणजे डॉक्टरांच्या मनांत त्याची शंका येणेंहि विरळ होतें, आणि निदानास उशीर होतो.

तिसरा आक्षेप उपायाच्या रूपानें येतो : लग्नापूर्वीं सर्वांची सक्तीनें तपासणी करावी, म्हणजे प्रश्न मिटला. मिटला कसा ? ती तपासणी लग्नाच्या आधींच्या एका दिवसाची साक्ष देईल. नंतरच्या तीस वर्षांची हमी कोण देणार? अगदीं अलीकडे बाधा झालेली असल्यास त्या दिवसाचीहि साक्ष खोटी ठरूं शकते. शिवाय सक्ति कोणावर बसते याचा इतिहास आपल्या देशास आहे. १८६८ सालीं सरकारनें सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याप्रमाणें पकडून तपासल्या गेल्या त्या स्त्रिया, गोऱ्या शिपायांना त्याची झळ लागली नाहीं. वीस वर्षांनीं, १८८८ सालीं, तो रद्द करावा लागला. आजची सक्तीहि वरपक्षाच्या मांडवांत वधूपक्षावरच बसेल, हें सांगण्यास ज्योतिषी नको. २०१७ चा एच्. आय्. व्ही. व एड्स प्रतिबंधक कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आहे, याहून शहाणा आहे. तो म्हणतो : संमतीवांचून तपासणी नाहीं, संमतीवांचून वाच्यता नाहीं, आणि बाधित आहे म्हणून कोणास राहत्या घरांतून काढतां येणार नाहीं. सुनेस माहेरीं धाडून देणाऱ्या घरांनीं हें शेवटचें कलम एकदां वाचावें.

पण कायदा दारापर्यंत येतो. स्वयंपाकघरांत त्यास प्रवेश नसतो. तेथें जें करावयाचें तें आपणच केलें पाहिजे, आणि तें फारसें अवघड नाहीं. गरोदर पत्नीबरोबर पतीनें त्याच दिवशीं, त्याच रांगेंत उभें राहून स्वतःचें रक्त द्यावें. दोन अहवाल एकत्र आले म्हणजे ‘पहिला दोष कोणाचा’ हा प्रश्नच उरत नाहीं. कुटुंबाच्या डॉक्टरांनीं पुन्हां पुन्हां उलटणाऱ्या तक्रारींत गृहिणीसहि संमति विचारून ही तपासणी सुचवावी, आणि आपण तो अपमान मानूं नये. पतीस बाधा असल्याचें कळलें, किंवा तो त्या रोगानें गेला, तर पत्नीची तपासणी तेराव्यानंतर वर्षानें नव्हे, त्याच महिन्यांत व्हावी, मग तिचें वय साठ असेना. औषध आणावयास ती जाईल तेव्हां गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, हें घरांतील कोणी तरी विचारावें. आणि जेथें सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या फळीवर उघड्या असतात, तेथेंच तिचीहि बाटली, लेबलासकट, ठेवतां यावी. शेजाऱ्यांना सांगत सुटावें असें मी म्हणत नाहीं. तो अधिकार तिचा आहे. पण निदान तिच्या स्वतःच्या घरांत तरी तिला चोरून औषध घ्यावें लागूं नये.

घराण्याची अब्रू राखणें ही वाईट गोष्ट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र जी अब्रू राखण्यासाठीं घरांतील एका माणसानें दहा वर्षें आधीं मरावें लागतें, ती अब्रू घराण्याची नसते. ती ज्याचा दोष झांकला गेला त्या एकट्याची असते. तिला घराण्याचें नांव देऊन सुनेच्या आयुष्यांतून तिचे हप्ते फेडणें आतां पुरे झालें.